ओव्हरबर्डन बँडचा अधिकृत इतिहास (गोपनीय)

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून बँडचा इतिहास लिहायला घेतला. रोज एक प्रकरण. महिनाअखेर पुस्तक तयार. वही माझ्या मोबाईल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, चार्जरच्या खोक्याखाली. कोणालाही दाखवायची नाही. मनसारामला तर नाहीच.
प्रकरण पहिलं. आमच्या माजरी गावात कोळशाच्या वरची माती खणून तिचे डोंगर करतात, त्याला खाणीतले लोक ओव्हरबर्डन म्हणतात. २०११ साली मी तेच नाव बँडला दिलं. मी गायक, पियुष गिटार, मनसाराम ड्रम. हेवी मेटलमध्ये गाणं म्हणजे घशातून गुरगुरणं. ते सगळ्यांना जमत नाही. मनसाराम आधी लग्नात ढोल वाजवायचा, हे लिहायचं की नाही ते ठरायचं आहे.

२ सप्टेंबर
प्रकरण दुसरं झालं नाही. दुकानात फार गर्दी. दोन गिऱ्हाइकं, एक स्क्रीनगार्ड.

४ सप्टेंबर, दुपारी १२
सहा महिन्यांनी मनसाराम दुकानात उगवला. पाच मेमरी कार्डं घेतली. इतकी कशाला, विचारलं. भजनं भरतो म्हणाला. याला भजनाला बसलेला मी जन्मात पाहिला नाही. निघताना म्हणाला, श्रीहरीभाऊ, घसा बरा हाय ना? काऊन, म्हटलं. तर म्हणे असंच. असंच कोणी दुसऱ्याच्या घशाची चौकशी करत नाही.

६ सप्टेंबर
प्रकरण दुसरं. पहिला शो, २०१२, गणेश मंडळ. गाणं: 'खाणीचा कोप'. सात मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला लोक उठून गेले. आभाळ भरून आलं होतं, हे लक्षात घ्यावं. मग अध्यक्ष हरिदासभाऊंनी लाईटच बंद केली. तेव्हापासून त्यांच्यावर माझी नजर आहे. पुढे आणखी नऊ शो झाले. एकाही शोमध्ये गाणं शेवटपर्यंत पोचलं नाही. शेवटचं मिनिट सगळ्यात भारी आहे, ते जगाला माहीतच नाही.

८ सप्टेंबर
पुराव्यासाठी २०१४ चा डेमो, म्हणजे 'खाणीचा कोप'चं रेकॉर्डिंग, काढायला गेलो. एकच पेन ड्राइव्ह. कपाटात नाही. बायकोला, रंजीताला विचारलं. ती म्हणाली, दिवाळीत मनसारामभाऊनं नेला ना, तुमीच तं देल्ला. मी दिलेला नाही. दिला असेल तर माझ्या नकळत.
कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसरी किल्ली रंजीताकडे असते, हे रात्री आठवलं.

११ सप्टेंबर, सायंकाळी ५
मोठी बातमी. मी फोनवर कव्हरवाल्या डीलरला झापत होतो. एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. बिरजू नाव, धानोऱ्याचा, इथे सासुरवाडीला आलेला. म्हणाला, भाऊ, तुमचा आवाज तं आमच्या गावात रोज वाजते. म्हटलं, कुठून आला? म्हणे मनसारामभाऊनं कार्ड भरून देल्लं. लय काम केलं तुमच्या आवाजानं.
म्हणजे अल्बम बाजारात आहे. माझ्या पाठीमागे. आणि कार्डं माझ्याच दुकानातली! मी त्याला सूटसुद्धा दिली होती.

१२ सप्टेंबर
पियुषला फोन केला. तो आता वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांत कीबोर्ड वाजवतो. त्याच्या गद्दारीवर स्वतंत्र प्रकरण येईल. तो हसू दाबत होता. म्हणाला, मले काई माहीत नाई बाप्पा, तू त्याच्या शेतात जाऊन पाह्य. म्हणजे स्टुडिओ शेतात टाकलाय. हा पण सामील.

१३ सप्टेंबर
उद्या धाड. वहीच्या पानावर तीन मुद्दे काढले. एक, गायकाची परवानगी नाही. दोन, कार्डावर गायकाचं नाव नाही. तीन, मैत्रीचा अपमान. आवाज चढवायचा नाही, फक्त थंड नजर. आरशासमोर नजरेचा सराव केला. रंजीता म्हणाली, पोट दुखते काय? ओवा देऊ?

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी ६
मनसारामच्या शेतावर पोचलो. बांधावर बांबू, बांबूवर भोंगा, खाली बॅटरी. भोंग्यातून मी. 'खाणीचा कोप', दुसरं मिनिट. समोर वीस-पंचवीस रानडुकरं सोयाबीनमधून उधळून जंगलाकडे पळत होती.
मनसाराम मचाणावर चहा पीत बसला होता. म्हणाला, वाघाचा आवाज लावून पाह्यला, कुत्र्याचा लावून पाह्यला. भेतच नाईत. तुह्या आवाजाले भेतात. मंग सोयऱ्याधायऱ्यायलेही देल्ला. गेल्या साली सारं पीक खाऊन गेले, औंदा हे घरात आलं पाह्यजे भाऊ. सांगितलं काऊन नाई, विचारलं. म्हणाला, तुले वाईट वाटलं असतं.
मी तिन्ही मुद्दे वाचून दाखवले. त्यानं तिन्ही मान्य केले आणि चहा ओतला. इतक्या लवकर कोण मान्य करतं?

१५ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. पाच कार्डं, पाच गावं. सकाळ-संध्याकाळ, रोज दोन शो. प्राण्यांच्या पसंतीत वाघापेक्षा वर. इतिहासात 'पहिला ग्रामीण दौरा' असं प्रकरण टाकलं. रंजीताला सांगितलं. ती हसली नाही. संशयास्पद आहे.

२४ सप्टेंबर
मनसारामचा फोन. आवाज पडलेला. डुकरं आता पळत नाहीत, रेकॉर्डिंगची सवय झाली. काल भोंग्याच्या खालीच चरत होती. कापणी पुढच्या सोमवारी, मजूर त्याच्या आधी येत नाहीत. म्हणाला, तू सोता ये भाऊ. सोताच्या तोंडानं ओरडला तं भेतील. तुह्याशिवाय कोनी नाई.
मी अट घातली: पूर्ण बँड. त्यानं पियुषला फोन लावला. पियुष चक्क येतो म्हणाला. यात त्याचा काय फायदा, कळत नाही.

२७ सप्टेंबर
घसा जपतोय. कोमट पाणी, बोलणं बंद. दुकानात खुणांनी धंदा केला. काळा टी-शर्ट काढला. आटला आहे. रंजीता गरम पाण्यात धुते, मुद्दाम.

२८ सप्टेंबर, रविवार
सकाळी साडेपाचला हजर. अकरा वर्षांनी अख्खा बँड एका बांधावर. पियुषनं गिटार भोंग्याला जोडली. मनसाराम पत्र्याचं पिंप घेऊन बसला. उजाडता उजाडता डुकरं आली. पिलांसकट.
सुरू केलं. पहिल्या मिनिटाला एका मोठ्या डुकरानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. मी आणखी खालचा सूर लावला. तिसऱ्या मिनिटाला सवयीनं लाईटकडे बघितलं. सूर्य होता, बंद झाला नाही. पाचव्या मिनिटाला मनसारामनं पिंप सोडून काठी घेतली आणि ओरडत धावला. डुकरं जरा पलीकडच्या ओळीत सरकली आणि तिथलं खाऊ लागली. पियुष वाजवत राहिला. मीही थांबलो नाही. शेवटचं मिनिट खरंच भारी आहे.
गाणं संपलं. मनसारामनं काठी बांधावर टाकली. मी म्हणालो, उद्या पुन्हा येतो, दुसरं गाणं घेऊ. तो म्हणाला, राहू दे भाऊ, आता उद्यासाठी काई उरलं नाई. मग त्यानंच मला पाणी दिलं. म्हणाला, घसा बसला असन.
घरी आलो. रंजीतानं विचारलं, वाचलं काय मनसारामभाऊचं सोयाबीन?
मी म्हणालो, कोनी उठून नाई गेलं.