कात्रीला बांधलेली नाडी

आई, सकाळपासून दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा तो आटून गेला. शेठचा फोन येईल म्हणून जीव टांगणीला लागलाय.

उल्हासनगरच्या ज्या कारखान्यातून तू जीन्सचे गठ्ठे धागे कापायला घरी आणायचीस, तिथेच मी आता आठ बायकांवर सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात तू डोळ्यांसमोर आलीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आहेस, मांडीवर पँट, आणि परकराची जुनी नाडी कात्रीला बांधून मनगटात अडकवलेली. "कात्री ठेवायची नाय, नुसती सोडायची. शोधण्यातच दिवस जातो." मी आठही जणींना तशी नाडी बांधायला लावली. एवढंच केलं. सातपर्यंत रखडणारं काम साडेचारला उरकायला लागलं. "किसका दिमाग है?" शेठने विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "मेरा." परवा त्याने कोरा कागद हातात दिला. "अब छह औरतों में हो जाएगा. दो नाम लिख के दे दो."

कुणाची लिहू? पालेगावहून दोन रिक्षा बदलून येते तिचं? की रोज माझ्यासाठी डब्यात लोणच्याची फोड आणते तिचं? काल मी बायकांना म्हटलं, कात्रीच्या नाड्या काढून टाका. त्या हसल्या. "का ताई? घरी लवकर जातोय की आम्ही." मी तो कोरा कागद पर्समध्ये सरकवला.

तू दुपारी दोनलाच गठ्ठा संपवायचीस, पण पोचवायचीस दिवेलागणीला. मधले तास पाय पसरून बसायचीस, माझी वेणी घालायचीस. झालंय तर देऊन का येत नाहीस, असं विचारलं तर खेकसलीस, "हात चालतो हे कळलं का भाव पाडतात. काम कधी झालं ते आपल्यातच ठेवायचं." मला ती लबाडी वाटली. तुझी अर्धीच अक्कल मी उचलली, आई. नाडी घेतली, गप्प राहणं घेतलं नाही.

नावं लिहायला हा कागद घेतला आणि त्यावर तुलाच लिहीत बसले. आता तळाशी थोडीच जागा उरलीय. मी शाळेत असताना एका वर्षी तुझा भाव एकाएकी पडला आणि तू दिवे लागल्यावरही कापत राहायला लागलीस. वेणी मी माझी मीच घालायला शिकले. शेजारणीनेच शेठकडे चुगली केली असं धरून तू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. तिने काही सांगितलं नव्हतं. शाबासकी मिळेल म्हणून तेव्हाच्या शेठला मीच म्हटलं होतं, आमची आई दोनलाच संपवते.