भोंग्याची सही

सोमवार, ३ जून
आले बाई एकदाची! किनाऱ्यावरच्या मकाएहून हेलिकॉप्टरनं दीड तास. भर समुद्रातल्या या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जीव वाचवणारं जेवढं सामान आहे – होड्या, वायू हुंगणारी यंत्रं, भोंगे – ते वेळेवर तपासलं जातं की नाही, याची वही आता माझ्याकडे. आधीचा ओस्मार मार्चमध्ये इथंच हृदयविकारानं गेला म्हणे. त्याची खुर्ची, त्याचं हिरवं पेन मलाच मिळालं. जेवायला काळा घेवडा आणि भात, चव झकास. ही छोटी रोजनिशी छातीच्या खिशात बरोबर मावते. चौदाला परत, पंधराला माझ्या जानाइनाचं लग्न!

बुधवार, ५ जून
वही कसली, नुसत्या सह्या! इथली रीत अशी की काम राहिलं तर कॅन्टीनमध्ये बसून सही ठोकायची. इथले प्रमुख जेनिवाल्दो साहेब, त्यांना टोकलं, तर म्हणाले, इवोनेचीबाई, सगळं खरंखरं तपासत बसलो तर तेल काय तुमचा नवरा काढणार? माझा नवरा साधं दुधाचं पातेलं उतरवत नाही! हसू आलं, आणि हसले याचा रागही.

मंगळवार, ११ जून
जनरेटरच्या खोलीतला भोंगा तपासायचा राहिलाय. आग लागली की त्या खोलीत वायू सोडतात. आग गुदमरते, आत असलेला माणूसही. म्हणून आधी अर्धा मिनिट पिवळा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. तपासायला जनरेटर दोन तास बंद ठेवावे लागतात. साहेबांनी साफ झटकून टाकलं. वर, वही पुरी नसेल तर शुक्रवारच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा नाही म्हणाले. पोरीचं लग्न आईविना लावू? केली सही. ‘भोंगा वाजतो.’ लाज वाटते.

बुधवार, १२ जून
माझ्या सहीशेजारी हिरव्या शाईत लिहिलंय, ‘सही करणाऱ्यानं स्वतः तपासावं.’ अक्षर मागच्या पानांवरच्या ओस्मारचं. कुणा मेल्याची ही चेष्टा? अदाउतो मिस्त्रीनं होडी टांगून धरणाऱ्या हुकाची सही जेवता जेवता केली होती, तिच्याशेजारीही तेच. त्याला दाखवलं तर खो खो हसला, ओस्मारला माझा नमस्कार सांगा म्हणाला.

गुरुवार, १३ जून
आज संत अंतोनियोचा दिवस, लग्नं जुळवणाऱ्याचा. सकाळी सरावात होडी हुकातून सुटली. आत एकटा अदाउतो. वीस मीटर खाली. ओळख पटवायला त्याचे बूट लागले.
वहीत त्याच्या सहीशेजारी, त्याच हिरव्या अक्षरात – ‘हूक धरत नाही. तपासणी पूर्ण.’ शाई ओली होती.
साहेब पांढरेफटक पडले. मग बोलले. ओस्मारला हृदयविकार वगैरे काही नव्हता. जनरेटरच्या खोलीत वायू सुटला, भोंगा वाजलाच नाही. तो वाजतो अशी सही त्यानंच केली होती.
त्यानंतर कुणी दुरुस्तही केला नाही. देवा!

शुक्रवार, १४ जून. सकाळी १०
भोंगा स्वतः तपासून खोट्या सहीच्या जागी खरं काय ते लिहिते, दुसरा उपाय नाही. साहेबांनी जनरेटर बंद केले, वायूची झडप बंद आहे म्हणून आईची शपथ घेतली. एकला हेलिकॉप्टर. दार लागू नये म्हणून ओस्मारची खुर्ची मध्ये अडकवणार.

११.२०
खुर्ची कुणी काढली?
दार लागलं. आतली कडी ओढली तर हातातच आली – ही तपासल्याची सही ओस्मारची, फेब्रुवारीतली –
मी तपासणीच्या बटणाला हात लावला नाही, तरी दिवा –
पिवळा –
भोंगा नाही. ठोकतेय, ओरडतेय, कुणी –
दाराच्या काचेपलीकडे वही धरून कुणी उभं आहे. साहेब नाहीत. हिरवं पेन. सावकाश लिहितोय –
फुस्स आवाज –
जानाइना, बाळ, माझ्यासाठी थांबू नकोस, तू लग्न