प्लेट नि-सात

३ मार्च, सोमवार

आले एकदाची उंब्रजला! पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांची भांडी घासल्यावर आता स्वतःची प्रयोगशाळा, आणि रहिमतपूरचं आमचं घर तासाभराच्या आत. महामार्गाला लागून ट्रस्टचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, त्याच्या मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या आमच्या. खिडकीबाहेर ऊसच ऊस. राहायला अंबूबाईंच्या घराची वरची खोली मिळाली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी झुणका-भाकरी वर आणून दिली. राजवर्धन सर, म्हणजे माझे साहेब, मोजकं बोलतात. रेश्मा तंत्रज्ञ आहे, कामाला वाघ.

काम इथे लिहून ठेवते, आईला समजावताना बरं पडेल. रक्तातल्या पेशी उलट्या पावली नेऊन कोवळ्या करायच्या आणि त्यांच्यापासून प्लेटमध्ये डोळ्याचा आतला पडदा वाढवायचा. मसुराच्या डाळीएवढा गोळा होतो. कुठल्या पेशीने उजेड टिपायचा आणि कुठल्या पेशीने लांब धागा काढून मेंदूला निरोप पोचवायचा, हे जनुकं ठरवतात. धागेवाल्या पेशींचं जे मुकादम जनुक आहे, त्यावर माझं काम. प्लेटमध्ये मेंदू नसतो, त्यामुळे धागे काढून काढून त्या पेशी काही आठवड्यांत मरतात. मुकादमाला जास्त दिवस जागं ठेवलं तर जगतील का, हे मला बघायचंय.

गोळे दीड महिन्याचे तयार आहेत. रक्त बिराप्पाचं. जत तालुक्यातला मेंढपाळ, पन्नाशीचा. घराण्यातच सगळ्यांचे डोळे जातात. सध्या त्याची मेंढरं आमच्या खिडकीच्या बाजूला, उसापलीकडच्या रानात खतासाठी बसवलीत. आज भेटला, म्हणाला, ताई, मला आता निस्तं उजेड-सावली कळतंय, तेवढं तरी राखा.

१२ मार्च

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं. ठरलेला दाता दोनदा आला नाही. तिसऱ्यांदा फोनच बंद. सर म्हणतात, तुमची अडचण तुम्ही सोडवा. मग सोडवली. रेश्माला दार लावायला सांगून स्वतःचंच रक्त काढून घेतलं. नियमात अजिबात बसत नाही. वहीत लिहिलं: नि-७ (नि म्हणजे निरोगी), दादासो, उंब्रज. असा कुणी दादासो नाही. रेश्माला सांगितलं, माझं रक्त फक्त यंत्र तपासायला घेतलंय.

त्यात दोन प्लेटींना बुरशी लागली. रेश्मा बाईसाहेब हातमोजे घातलेल्या हाताने फोन उचलत होत्या! आजपासून माझा नियम: कामाला बसलं की फोन मुका करून बाजूच्या टेबलावर, आणि काम संपेपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. रेश्मा हिरमुसली. हिरमुसू दे.

२२ एप्रिल

बिराप्पाच्या गोळ्यांना धागे आले, जगलेही. पण आनंद कसला! धाग्यांनी चहूकडे पसरायला हवं, तर सगळेच्या सगळे एका बाजूला, उसाच्या खिडकीकडे. सर म्हणाले, तुम्ही प्लेट तिरकी ठेवता. पाणसळ लावून दाखवली. मग म्हणाले, इन्क्युबेटर, म्हणजे प्लेटी उबेत ठेवायचं कपाट, हादरत असेल. मी प्लेटी उलट्या फिरवल्या. चार दिवसांत धागे वळून पुन्हा खिडकीकडे. पालथ्या घड्यावर पाणी.

३० एप्रिल

धाग्यांनी दिशा बदलली. आता नदीकडे. डोकं फिरायची वेळ आलीय.

बिराप्पा तपासणीला आला होता. कळप चार दिवसांमागेच नदीकडे हलवला म्हणाला. मी त्यावर विचार करणार नाही.

लय खूश होता. सांगत होता, आवं ताई, दिसाय लागलंय. धुरकट हाय, पर दिसतंय. पांढरं कपाट, त्यात एक तांबडा आकडा, आणि चष्म्याला काळी दोरी बांधलेली बाई वाकून बघती. लय तापट हाय म्हणाला, तोंडातल्या तोंडात चिडती.

चष्म्याला काळी दोरी मी बांधते. बिराप्पा आमच्या खोलीत कधीच आलेला नाही. रेश्माने सांगितलं असणार. तिच्यावर ओरडले. ती रडली.

९ मे

सरांनी अहवाल परत केला. वाकडे धागे कुणाच्या कामाचे? सगळं फेकून नव्याने करा म्हणाले. दोन महिन्यांची मेहनत! इतकी चिडले की रेश्मासाठीही थांबले नाही. अकराच्या सुमाराला बिराप्पाच्या चोवीसच्या चोवीस प्लेटींत ब्लीच ओतलं. गोळे पांढरे पडून विरघळताना बघत उभी राहिले, आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१० मे

सुलाबाईचा, बिराप्पाच्या बायकोचा, फोन. काल अकराला बिराप्पा रानात डोळे धरून कोसळला. डोळ्यांत चुना वतला म्हणून गुरावानी वरडत व्हता म्हणाली. आता उजेड न्हाई, सावली न्हाई, कायसुदीक न्हाई. तुमी काय केलं, ताई?

योगायोग, म्हणाले मी आणि फोन ठेवला.

२८ जुलै

नि-७ ला गेल्या आठवड्यात धागे आले. माझ्या रक्ताचे गोळे.

सगळे माझ्या खुर्चीच्या दिशेला.

खुर्ची दुसऱ्या भिंतीला नेली. तीन दिवसांनी धागेही तिकडे.

११ ऑगस्ट

डावीकडून धूसर दिसतंय. कराडच्या डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठणठणीत म्हणाले. पैसे घेऊन हेच सांगायचं असतं वाटतं.

डोळे मिटले की तांबडा आकडा दिसतो. सदतीस. इन्क्युबेटरच्या आतल्या उष्णतेचा आकडा.

२ सप्टेंबर

आज इन्क्युबेटरचं दार उघडून नि-७ बाहेर काढली आणि स्वतःला पाहिलं. खालून. चष्मा, काळी दोरी, दमलेलं तोंड.

समजलं सगळं. धाग्यांना मेंदू हवा होता, त्यांनी शोधला. माझ्या डोळ्यांची जागा ते घेत चाललेत. प्लेटीतून दिसणारं स्पष्ट होतं तसं माझं स्वतःचं पुसट होतं. फेकली तर माझा बिराप्पा होईल. ठेवली तर दर दोन दिवसांनी तिचं पोषक पाणी बदलायचं. जन्मभर.

आणि बिराप्पा? मीच केलं ते. चिडून. सुलाबाईला फोन लावला, तिने उचलताच ठेवून दिला.

१७ सप्टेंबर

तपासणी समिती येणार. सर विचारतायत, दादासोचं संमतिपत्र कुठे? सांगितलं, आणते. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, पुन्हा कुठे उभंही करणार नाहीत. दोन दिवसांत काही तरी—

१९ सप्टेंबर

पायऱ्या दिसल्या नाहीत, पडले. पाय सुजलाय. अंबूबाईंनी हळद लावली, हलू नको म्हणाल्या.

रेश्माला फोन केला, नि-७ चं पाणी बदल, जिवापाड जप. का, ते सांगितलं नाही. लाज वाटली.

२३ सप्टेंबर

स्वतःचं काहीच दिसत नाही आता. ओळी बोटाने चाचपून लिहितेय. दिसतो फक्त तांबडा आकडा.

सकाळी सरांचा फोन. दादासो नावाचा माणूस गावात सापडला नाही, बिनकागदाची प्लेट समितीला दिसायला नको, रेश्माला टाकायला सांगितलंय. मी म्हणाले, सर, ते रक्त माझं आहे. म्हणाले, मग तर आधी टाकायला हवी. फोन कापला. आता उचलत नाहीत.

अंबूबाई रानात. हाका मारल्या. कुणी नाही. रेश्माला फोन लावतेय. वाजतोय. उचलत नाही—

उजेड. दार उघडलं. हातमोजे. रेश्माचं तोंड, वरून. प्लेट उचलली तिने—

टेबल. बाजूला तिचा फोन. उजळतोय, विझतोय, उजळतोय. माझं नाव दिसतंय त्यावर. मुका आहे. ती बघत नाही. काम संपेपर्यंत बघायचं नाही—

पुन्हा लावते. उजळला. रेश्मा, बघ. एकदा मान वळव गं. तो नियम मीच, मीच केला, मोड तो—

बाटली. झाकण फिरवतेय. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतेय, माझ्यावर चिडली असेल. फोन अजून उजळ—

वाकली. रेश्मा, पांढरं