गिरिजाबाईंच्या घरची डाळ

उस्मानाबाद,
दि. १४ मार्च १९८६

तीर्थरूप आत्याबाईंना,
सून अयोध्याचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. कमलमावशींनी लेकीसारखं ठेवून घेतलंय, उगी काळजी करू नका. जळकोटात टँकर येतो का? आला तर घागर शेजारच्या चांगुणाला धरायला सांगा, तुम्ही रेटारेटीत शिरू नका. आणि हे पत्र तिच्याकडूनच वाचून घ्या. पोस्टमनला वाचायला दिलंत तर वेशीपर्यंत गाजावाजा होईल.

आधी गोड बातमी. नोकरी मिळाली! सोमवारपासून जायचंय. आता तुम्ही हमीच्या कामावर खडी फोडायला जायचं नाही. मुकादमाला उद्याच सांगून टाका.

मुलाखत कशी झाली ते विचारू नका. कुकर कंपनीचे पुण्याचे साहेब लॉजच्या खोलीत खुर्चीवर, आम्ही सगळ्या बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात एकेक कुकर दिला. "संध्याकाळपर्यंत विकून या. जी विकेल ती राहील, बाकीच्यांनी एसटी गाठायची." एकीला तिथंच रडू फुटलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कुंकू लावून जा. असं कपाळ बघून दार कोण उघडेल?"

आत्याबाई, मी लावलं. नोकरी पाहिजेच होती. पण पहिल्या दोन घरी कुणी कुकर घेतला नाही. "मालक काय करतात?" असं एकीनं विचारलं, आणि मी "शेती" म्हणाले. बाहेर येऊन पदरानं खसाखसा पुसलं.

पुढचं घर गिरिजाबाईंचं. त्यांना आधीच सांगून टाकलं, मालक वारलेत, नोकरीसाठी फिरतेय. त्या म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे. आमच्या मचूळ पान्यात डाळ शिजंना, सरपण जाळून जीव गेला. तुझ्या भांड्यात शिजती का, त्येवढं सांग." मी म्हटलं, डाळ तुमची, पाणीबी तुमचंच द्या. शिट्टी झाली तशा दोघी दचकलो, मीच जास्त. पण डाळ अशी मऊ शिजली, की त्यांनी शेजारणींना हाका मारल्या आणि कुकर ठेवून घेतला.

निघताना त्यांनी कुंकवाचा करंडा आणला. वाटलं, विसरल्या. मी मागं सरले.

"ध्यानात हाय माझ्या. पर दारात आलेली लेक रिकाम्या कपाळानं जाती व्हय? उभी ऱ्हा."

उभी राहिले.

साहेबांनी माझं कपाळ बघितलं आणि खुशीत म्हणाले, "बघा, माझं ऐकलंत म्हणून विकला गेला!" मी कशाला बोलतेय? नोकरी घेतली आणि आले.

आता खरं सांगते. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की मी स्वतःच लावते. यांचा विसर पडला म्हणून नाही. यांची आठवण आली तरी आता आरशात बघवतं, एवढंच. यांच्या मागं माझं कुंकू रीतीप्रमाणं तुम्हीच पुसलंत. तुमचा हात किती थरथरत होता, ते माझ्या कपाळाला ठाऊक आहे.

तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. पुसायला सांगितलंत तर पुसेन.

सांगू नका.

तुमचीच,
अयोध्या