माय म्हणणारी

९ नोव्हेंबर, रविवार
पोचले बाई एकदाची जबलपूरला! केतनराव, आमचे जावई, स्टेशनवर घ्यायला आले होते. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरच्या दारातच नात उभी. समिधा नाव, पण मी समूच म्हणणार. पुढचे दात पडलेले, अन् "नानी आ गई, नानी आ गई" करून नाचून राहिली. आजी म्हण गं, म्हटलं तर लाजून पडद्यामागे. मराठी समजतं, बोलता येत नाही. ही डायरी तिनेच दिली, पप्पांच्या फॅक्टरीतली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण लिहायला मला आवडतं. चुका कोण पाहून राहिलं!

प्रणाली माझी एकुलती लेक. पाच वर्षांची होती तेव्हा माझ्या भावाने शाळेसाठी इकडे आणली, लग्नही इकडेच झालं. म्हणून तिचं मराठी अर्धं हिंदीच. उन्हाळ्यापासून तिला फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी आहे, पण घेतली की नाही तेच विसरते. एकदा राहिली तर गॅसजवळ पडली, हात भाजला. जावयांची शिफ्ट. म्हणून मी आले काटोलहून. गोळी आपल्या हाताने द्यायची, दवाखान्यात सोबत जायचं, अन् उरलेला वेळ नातीचे लाड. याहून सुखाचं काम कोणतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार
दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर भले माणूस. आमच्याकडे फिट आली की कांदा हुंगवतात, असं मी सांगितलं, तर म्हणाले, अम्माजी, प्याज सब्जी में डालिए, बिटिया को बस गोली दीजिए. गोळ्या मोजून लिहून देतात, पुढच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्याच. एकही चुकली तर त्रास वाढत जाईल, जिवावर बेतेल, हे मात्र हसून नाही सांगितलं.

येताना बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात उतरलो. खोव्याची जिलेबी घेतली, काळीभोर, गुलाबजामाच्या सख्ख्या बहिणीसारखी. प्रणाली म्हणते, आई, खाऊन घे न, ठंडी होऊन जाईल. तिचं हे मराठी ऐकून हसू येतं, अन् थोडं कुठंतरी लागतंही. माझी भाषा तिच्या तोंडी पक्की बसायच्या आधीच ती इकडे आली न.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आजचा दिवस सोन्याचा. दुपारी मागच्या अंगणात मटार सोलत बसले होते. इकडचा मटार असा गोड की निम्मा पोटातच जातो. प्रणाली मागच्या फाटकातून आली, जवळ बसली अन् म्हणते, "काय करून राहिली वं माय? थांब, मी बी सोलतो."

मी पाहतच राहिले. आमच्या बाया बोलताना अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. शाळेतल्या बाई त्यासाठी रागवायच्या, म्हणून मी लिहिताना जपते. पण प्रणालीच्या तोंडी? जशी गाव सोडून कधी गेलीच नाही. ऊन उतरेपर्यंत बोललो. मग तिने हात पुढे केला, माय, माही गोळी. मी पदराच्या गाठीतून काढून दिली.

दिवे लावताना पुन्हा म्हणते, आई, टॅबलेट दे न. अगं, घेतली न आत्ता, म्हटलं. कपाळावर हात मारला तिने. म्हणूनच तर मी आले, बाई.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज फिट आली. न्हाणीच्या दारात पडली. जीभ चावली. केतनरावांनी हळूच विचारलं, आई, गोळी राहिली तर नव्हती? छातीवर हात ठेवून सांगितलं, एकही नाही. रोज दुपारी अंगणात माझ्याजवळ बसते, संध्याकाळची गोळी तिथंच देते.

ते गेल्यावर समू कुशीत शिरली. नानी, आप आँगन में किससे बात करती हो? म्हटलं, तुझ्या मम्मीशी. ती म्हणते, मम्मी तो रोज मेरा होमवर्क कराती हैं. उस टाइम.

मुलांचं काय, काहीही बोलतात. पण जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
प्रणालीला पुढच्या खोलीत बसवलं. समू तिच्या मांडीवर. मग मागचं दार उघडलं.

मटाराच्या टोपलीजवळ ती बसलेली. केसांना तेल लावून, घट्ट वेणी. "काहून उशीर केला वं माय?"

आतून माझ्या लेकीचा आवाज येत होता. समूला पाढे म्हणून दाखवत होती. हिंदीत.

हिने हात पुढे केला. सांगू नये, पण लिहिते. मी दिली. कळूनही दिली. ती माय म्हणाली की हात आपोआप गाठीकडे जातो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मागचं दार लावून घेतलं. कुलूप.

गोळी स्वयंपाकघरात प्रणालीच्या तोंडात घातली, पाणी पाजलं. गिळली. मग माझ्याकडे पाहून हसली— "तुह्या हातचं पानी गोड लागते वं माय."

खरी प्रणाली पलंगावर झोपलेली होती.

केतनरावांना सांगितलं. ते म्हणाले, आई, तुम्ही थकलात, आराम करा. हात जोडून म्हणाले.

एक शिकले. माय म्हणते ती माझी नाही. माझी मला आई म्हणते.

२२ नोव्हेंबर, शनिवार
फिट. पुन्हा फिट. बोलताना शब्द सापडत नाहीत तिला.

दुपारी समू शाळेतून आली. प्रणाली दारातच उभी होती, हात पसरून. समू बाजूने निघून गेली. पाहिलंच नाही. आत जाऊन विचारते, नानी, मम्मी कहाँ हैं?

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं—

मग स्वयंपाकघरातून आवाज आला, आ गई मेरी समू? अन् समू पळत गेली.

आता ती हिंदीही बोलते.

२३ नोव्हेंबर, रविवार
डॉक्टरांनी दवाखान्यात आणायला सांगितलं. केतनराव गाडी आणायला गेलेत. माझ्या मुठीत शेवटची गोळी आहे. बाकीच्या— कोणाला गेल्या ते देवाला माहीत. पलंगाच्या काठावर बसून लिहिते. केतनरावांना वाचायला देईन, तोंडचं तर ते ऐकत नाहीत.

पलंगावर एक आहे, भिंतीकडे तोंड करून. आत्ताच झटका येऊन गेला.

दारात एक आहे. समू तिच्या कडेवर. म्हणते, आई, टॅबलेट दे न, टाइम होऊन गेला.

अगदी प्रणालीसारखं.

मी पलंगाकडे वळून विचारलं, बाळा, तू कोण? मग बारीक आवाजात, माय.

माय म्हणाली. म्हणजे ही नाही. माझी आई म्हणते. मी उठले, दारातलीच्या तोंडात गोळी घातली. गिळली तिने. थँक यू आई, म्हणाली.

पलंगावरचीने माझा हात धरला. बांगड्यांवरून बोट फिरवलं. किनकिन, म्हणाली.

किनकिन.

अंगावर पीत असताना ती माझ्या बांगड्या वाजवायची. पहिले शब्द तिचे. माय अन् किनकिन. दोनच शब्द येत होते तेव्हा. आई तर इकडे आल्यावर म्हणायला लागली. झटक्याने बाकी सगळं पुसलं गेलं, अन् तेवढेच— हे माझ्याशिवाय कोणालाच—

ती माझीच होती. माय म्हणणारी. मी काय केलं

गाडी आली. केतनराव आत आले. दारातली त्यांना म्हणते, मी ठीक आहे जी, आईच घबरा गयी है. ते हसून राहिले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी ओरडून पलंग दाखवते आहे. समू पाहून राहिली. केतनरावही पाहून राहिले, इकडेच, अगदी इकडेच, अन् मला विचारतात, आई, तुम्ही कोणाचा हात धर—