मुळातही वाकडंच होतं

४ जून
वाकडा बसला! पुन्हा! डिझेल इंजिनाच्या नाकाला केसाएवढ्या पितळी तारेचा कठडा लावायचा – बस्, एवढंच काम. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशी पट लहान मॉडेल. तिसऱ्यांदा खरवडून काढलं. तीस वर्षं लोकांच्या दाढा कोरतोय आणि प्लास्टिकला चार भोकं धड पाडता येईनात. दाताच्या डॉक्टरला शोभतं का हे? गोंदच भिकार आहे. चिमटाही सैल झालाय.

५ जून
नवा गोंद, नवा चिमटा. कठडा वाकडाच.

७ जून
आम्हा इंजिनवेड्यांच्या रविवारच्या मंडळात एक पळवाट सर्वमान्य आहे. मॉडेलमध्ये चूक झाली की तशाच बिघडलेल्या खऱ्या इंजिनाचा फोटो शोधायचा. सापडला की ती चूक राहत नाही, अभ्यास होतो! सकाळभर शोधलं. सापडलं – एक मालगाडीचं इंजिन, कुठेतरी घासलेलं, कठडा थेट माझ्यासारखा वाकडा. संध्याकाळी मंडळात मिरवलं. रिटायर्ड गार्डसाहेबांनी भिंग लावून पाहिलं, म्हणाले, मानलं बुवा तुमच्या नजरेला. मी चक्क लाजलो. निर्लज्जपणाची कमाल!

११ जून
नंबरची पट्टी तिरकी चिकटली. फोटो शोधतोय.

१२ जून
मिळाला. रंगाऱ्याचा हात हलला असणार. भला माणूस!

१३ जून
सकाळी कपातला अर्धा चहा बशीत. बायको म्हणाली, “एकदा हात दाखवा कुणाला तरी.” मी म्हटलं, माझा ज्योतिषावर विश्वास नाही. एवढा चांगला विनोद, पण ती हसली नाही. कप उचलून घेऊन गेली.

भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय. माझे दोन्ही धंदे बोटांचे – पोटाचा आणि हौसेचाही. ही बोटं गेली तर उरतं काय? नुसतं तोंड. आणि ते चालवायचे कुणी पैसे देत नाही.

१७ जून
दुपारी दवाखाना बंद करून यार्डाजवळच्या पादचारी पुलावर गेलो. फोटोतलं ते वाकडं इंजिन इथूनच ये-जा करतं, ते बघायचंच होतं. तासभर उन्हात वाळलो, तेव्हा कुठे त्या नंबरचं इंजिन आलं. कठडा सरळ! मेल्यांनी दुरुस्त केला! म्हणजे आता चूक पुन्हा माझीच.

तोंड पाडून निघणार, तेवढ्यात एक गोष्ट दिसली. इंजिन सिग्नलला उभं होतं. जागचं हलत नव्हतं, नुसतं धडधडत होतं – आणि अख्खं थरथरत होतं. कठडे, आरसे, दाराच्या कड्या, सगळं. एवढं शंभर-सव्वाशे टनांचं धूड, पण त्याला उभ्या उभ्या स्थिर राहता येत नाही! मी पुलाची दांडी धरून हसत सुटलो. मग माझ्या हातानं काय घोडं मारलंय?

घरी येऊन बायकोला हे सगळं अभिनयासह सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ते सिग्नल मिळाल्यावर ओढत नेतं हो सगळं. तुमचं काय?”


२० जून
मॉडेल पुसून कपाटात ठेवलं. कठडा तसाच.

२२ जून
शेजारचे मास्तर दाढ धरून आले. नंबर लावला नाही, थेट आत येऊन खुर्चीत बसले. ड्रिल सुरू केलं. टोक त्यांच्या दातापाशी नाचायला लागलं. बंद केलं. त्यांना म्हटलं, मशीन बिघडलंय. बाहेर आलो. वीस वर्षं माझ्या हातात हत्यारं देणाऱ्या आमच्या बाई टेबलाशी होत्या. त्यांना सांगितलं, मास्तरांना समोरच्या डॉक्टरांकडे पाठवा. आणि यापुढे ड्रिलचं काम असलेलं कुणीच माझ्याकडे नको.
“मार्चपासून तिकडेच पाठवतेय, डॉक्टर,” त्या हळूच म्हणाल्या.
आणि मी समजत होतो, लोक हल्ली दात नीट घासतात!