पितळी सांधे आणि विनीचा हट्ट

मु. लडलो, मंगळवार

चिरंजीव डेस्मंड यास थोरल्या चुलतभावाचे आशीर्वाद (या खेपेस रागाच्या भरात लिहितोय, तरी गोड मानून घे). कॉर्नवॉलचा समुद्रवारा तुम्हा नवराबायकोला मानवतोय ना? मेव्हिसच्या मांजरीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं असेलच.

इकडे घडू नये ते घडलंय. आपली हिरवी दोन सीटांची गाडी, जिची पुढची चाकं कारखान्यातून निघाल्या दिवसापासून पितळी सांध्यांवर वळत आली, तिला तुझ्या विनीवहिनीने माझ्या अपरोक्ष ते सांधे काढून नवे पोलादी बॉल जॉइंट बसवून घेतले. तेही मी मोतीबिंदूसाठी इस्पितळात असताना! (नवऱ्याच्या डोळ्याला पट्टी पाहून साधलेला हा डाव.)

निमित्त काय, तर गेल्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या क्लबच्या सहलीत क्ली हिलच्या उतारावर डावीकडचा सांधा तुटला, चाक आडवं पडलं आणि गाडी कुंपणाच्या झुडपात शिरली. आता जुने सांधे कधीमधी तुटायचेच, त्यात एवढं काय? मी उतरलो. मागून क्लबची मंडळी आली, टोप्या सावरत चाकाभोवती ओणवी झाली आणि रीतीप्रमाणे पहिला प्रश्न आला, ऑइल घालायचास की ग्रीस? (ग्रीस घालणाऱ्याला आपल्यात कुणी चहासुद्धा विचारत नाही.) मी ठणकावून सांगितलं की ऑइलच, आणि आजवर एकदाही चुकलो नाही. मग कुठलं ऑइल, यावरून जी जुंपली म्हणतोस! सँडविचं निघाली, थर्मास निघाले. दुसरा चहा झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की विनी अजून आतच आहे, कारण तिच्या बाजूचं दार झुडपाने अडवलं होतं.

गिअरवरून पाय टाकत ती बाहेर आली. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"तुम्ही सगळ्यांनी सांध्याची चौकशी केलीत, ऑबरी," ती म्हणाली. "माझी कुणी केली?"

आणि पितळी सांधे असेपर्यंत या गाडीत पाऊल ठेवणार नाही, असं तिथेच जाहीर करून ती बसने घरी गेली. मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. कसचं काय! गॅरेजवाला ब्लॉकली तर वर तोंड करून सांगतो की साहेब, आता ऑइल घालायला गाडीखाली लोळायला नको. मग निवृत्त माणसाने करायचं तरी काय? शिवाय गाडीचं मूळ रूप राखल्याबद्दल क्लब देतो त्या चषकाच्या स्पर्धेतून माझं नाव बाद, कारण परीक्षक टॉर्च घेऊन चाकाखाली आडवा होतो. भर क्लबात माझं नाक कापलं गेलं, डेस्मंड.

तुझा संतप्त,
ऑबरी

ता. क. तुझ्या शेडमध्ये जुन्या पितळी सांध्यांची जोडी पडून आहे. ती पोस्टाने धाड. पुडक्यावर 'चीज' असं लिही, म्हणजे वासाच्या धास्तीने विनी उघडणार नाही. स्पर्धेआधी बसवून घेतो.

ता. क. दुसरा. जोडी धाडू नकोस. आज दुपारी विनी आपण होऊन गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली. क्ली हिलचा तोच उतार लागला तेव्हा ती चक्क गुणगुणत होती. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो. चषक गेला खड्ड्यात.

ता. क. तिसरा. तुझ्या गाडीला अजून पितळी सांधेच आहेत. मेव्हिस तुझ्या शेजारी शेवटची कधी बसली होती, ते तिलाच विचारून कळव.